ज्वारीतून आलेली कू

मामीचा फोन सकाळी आला तेव्हा माझं दूध गॅसवर होतं. नमस्कार-चमत्कार काही नाही, तिने थेट विचारलं, "मंदे, तुही माय हाये ना व?"

मी चिडलेच. आहे म्हणजे काय, सकाळी सकाळी असं विचारतात का कोणी? कांतामामी ही आईच्या धाकट्या भावाची बायको. मामा जाऊन बरीच वर्षं झाली, वावर ती एकटीच बघते. सातपुड्याच्या पायथ्याला, जळगाव जामोद आणि संग्रामपूरच्या मधे आईचं माहेर आहे. गावाचं नाव मी मुद्दाम देत नाही, कारण पुढे वाचाल तेव्हा कळेलच. तर मी मामीला सांगितलं की आई आहे, जेवते-खाते, बोलता येत नाही एवढंच, नुसतं "कू" म्हणते दिवसभर.

  मग मामी हळूच म्हणाली, "येऊन जाय माय. जवारी कापाच्या आंधी ये."

आता थोडं मागचं सांगते. पोळ्याच्या सुमारास आईला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. डॉक्टर म्हणाले की असं होतं कधीकधी, सगळी भाषा पुसली जाते आणि एखादाच आवाज अडकून राहतो. आईचा अडकला तो "कू". लांब ओढलेला, आणि शेवटी किंचित वर जाऊन तुटणारा. पाणी हवं तरी कू, नको तरी कू, आणि दुपारी ऊन चढलं की कारणाशिवाय कू, कू, कू. कूस बदलून दिली, पाणी दिलं, पंखा कमी-जास्त केला, रडून झालं माझं, पण ती थांबायची नाही. आई पलंगावर होती आणि तरी माझ्या हाताला लागत नव्हती. माझी आई मला परत हवी होती. बाकी मला काही नको होतं.

मी पोटापाण्यासाठी फ्रेंच शिकवते, नाशिकला घरीच क्लास घेते. फ्रेंचमध्ये "कूकू" म्हणजे कोकिळेच्या जातीचा एक पक्षी, आणि मैत्रिणी भेटल्या की एकमेकींना "कूकू" म्हणतात, आपण "काय गं" म्हणतो तसं. माझी पोरं वर्गात शिरताना तेच ओरडतात. म्हणून आधी वाटलं, आईच्या कानावर रोज पडायचं तेच तोंडात बसलं असेल. मी आपली उत्साहाने "कूकू, आई" म्हणायचे, आणि ती माझ्याकडे असं बघायची की ही कोण बावळट बाई. मग भाषा शिकवणाऱ्या ओळखीच्या लोकांना विचारत सुटले. जर्मन शिकवणारा म्हणाला, आमच्यात लहान बाळाशी तोंड झाकून खेळताना "कुकुक" म्हणतात. ते तर आपणही करतोच की, कुक् आणि भॉक. रशियन शिकवणारी मैत्रीण म्हणाली, आमच्याकडे "कु-कु" म्हणत कपाळाशी बोट फिरवलं की समोरच्याचा स्क्रू ढिला आहे असा अर्थ. शिवाय रानात तो पक्षी ओरडायला लागला की लोक मोजतात, जितक्या वेळा ओरडेल तितकी वर्षं उरली म्हणे. मी फोन ठेवला आणि दुपारभर आईच्या कू मोजत बसले. नंतर स्वतःचाच एवढा राग आला की विचारू नका.

ऑस्ट्रेलियात गेलेल्या एका जुन्या विद्यार्थ्याने कळवलं की तिकडे "कूई" अशी हाक असते, मूळ तिथल्या आदिवासींची. रानात माणसं पांगली की देतात. मी इथे आहे, तू कुठे आहेस? हे वाचून मला जरा कसंतरी झालं होतं, पण कामाच्या गडबडीत ते मागे पडलं. मामीच्या फोननंतर पुन्हा आठवलं. आईला सांभाळणाऱ्या सुमनताईंना दोन-तीन दिवस पूर्ण वेळ राहायला सांगितलं, क्लासला सुट्टी दिली आणि निघाले.

पहिला दिवस

जायचं असेल त्यांच्यासाठी सांगते. नाशिकरोडहून नांदुऱ्याला थांबणारी सकाळची गाडी पकडा, दुपार कलायच्या आत पोचता. बसायला खिडकी मिळाली तर डावीकडची घ्या, भुसावळ सोडलं की लांब उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ दिसायला लागते आणि मग ती तुमचा पिच्छा सोडत नाही. नांदुऱ्याला स्टेशनबाहेर कचोरी खाल्ली, सोबत तळलेली मिरची. मिरची मागून घेतली आणि मग पाणी पीत बसले. तिथून जळगाव जामोदची एसटी, बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे खर्चाचं रडगाणं नाही. रस्ता बरा आहे, पूर्णेच्या पुलानंतर मात्र काही ठिकाणी असा उखडलाय की कचोरी पुन्हा भेटते की काय अशी भीती वाटते.

पुलापलीकडे जमीन काळीभोर होते. दोन्ही बाजूंनी कापूस, सोयाबीन, मका, कुठे संत्र्याच्या बागा. ज्वारी जवळजवळ नाहीच. माझ्या शेजारी एक बाई बसल्या होत्या, डोंगराकडच्या वस्तीवरच्या, निहाल समाजाच्या. त्यांची भाषा आजूबाजूच्या कुठल्याच भाषेशी नातं सांगत नाही हे मी वाचलं होतं, म्हणून माझी वळवळ सुरू झाली. विचारलं, तुमच्याकडे कोणाला लांबून हाक मारायची तर काय म्हणतात? त्या म्हणाल्या, कू. कोरकू लोक काय म्हणतात? कू. मराठीत? कू. मी म्हटलं, म्हणजे सगळ्या भाषांत एकच? त्यांनी माझ्याकडे जरा दयेने पाहिलं आणि त्या म्हणाल्या की कू ही भाषा थोडीच असते, कू म्हणजे माणूस असते. मग त्यांचा थांबा आला आणि त्या उतरून गेल्या.

जळगाव जामोदहून काळी-पिवळी मिळाली. आत जितकी माणसं बसू शकतात त्याच्या दीडपट बसली की ती निघते. मामी फाट्यावरच उभी होती. जयभीम म्हटलं, तिने माझ्या गालांवरून हात फिरवला, म्हणाली काऊन वाळली व एवढी, आणि लगेच पिशवी हिसकावून चालायला लागली. वय झालंय पण चाल अशी की मी मागे धापा टाकत.

मामीचं घर स्लॅबचं, पुढे पत्र्याची पडवी, भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि मामाचा फोटो. जेवायला कळण्याची भाकरी, चुलीवर भाजलेल्या वांग्याचं भरीत आणि हिरव्या मिरचीचा ठेचा. कळण्याची म्हणजे ज्वारीत उडीद घालून दळलेल्या पिठाची. मी दोन खाल्ल्या, तिसरी मामीने न विचारता ताटात टाकली. हॉटेल-लॉज शोधू नका इकडे, गावात तसलं काही नाही. जळगाव जामोदला राहा आणि दिवसा या.

जेवण झाल्यावर मी विषय काढला. मामी आधी टाळत होती, भांडी आवरत राहिली. मग बसली.

ती म्हणाली, पूर्वी इकडे सगळीच ज्वारी असायची. दसऱ्याच्या आधी ज्वारी माणसाच्या डोक्यावर जाते, आत शिरलं की हाताच्या अंतरावरचा माणूस दिसत नाही. डुक्कर असतं, रोही म्हणजे नीलगाय असते, साप तर असतोच. म्हणून आत काम करणाऱ्या बायका थोड्या थोड्या वेळाने कू देतात. एकीने कू दिली की बाकीच्यांनी ओ द्यायची. प्रत्येकीची कू वेगळी, सगळ्यांना सगळ्यांची ओळखू येते. नियम दोनच. ओ मिळाली नाही तर जागेवरून हलायचं नाही, तिथेच उभं राहून कू देत राहायचं, जी ओ देईल ती शोधत येईल. आणि जी कू ओळखीची नाही, तिला ओ द्यायची नाही.

"म्हणजे भूत?" मी विचारलं.

मामीला ते आवडलं नाही. "आपन बुद्धाची मानसं, मंदे. भूतबित मानत नाई आपन," ती म्हणाली. "पन कानाले काय सांगू?"

मग तिने सांगितलं. पोळ्यापासून दुपारच्या वेळी तिच्या वावरात एक कू जास्तीची येते. कामाला येणाऱ्या बायकांतली कोणाचीच नाही. कोणी ओ दिली नाही. पण गावातली एक जुनी म्हातारी गवत कापायला आली होती, तिने विळा खाली ठेवला आणि म्हणाली, ही तर इंदूची. इंदू म्हणजे माझी आई. म्हणून मामीने फोन केला होता, आई गेली आणि मी कळवलं नाही असं तिला वाटलं होतं.

 मी विचारलं, आईचीच का? तर मामीने तिच्या सासूकडून, म्हणजे माझ्या आजीकडून, ऐकलेली गोष्ट सांगितली. आईला बघायला नाशिकचे पाहुणे आले तो दिवस. निरोप आला तशा सगळ्या बायका वावरातून घराकडे पळाल्या, पुरणाचं बघायचं होतं, घर सारवायचं होतं. नवरी मुलगीच आत राहिली. ती कू देत राहिली, ओ द्यायला बांधावर कोणी नव्हतंच. शेवटी ती ओ न मिळताच चालत बाहेर आली. सगळ्या हसल्या, तिची वेणी घातली, लग्न ठरलं. आजीला मात्र ते कायम लागून राहिलं, पोरगी ओ न मिळता निघाली म्हणायची.

आईने हे मला कधीच सांगितलं नाही. आई माहेराबद्दल बोलायचीच नाही फारसं.

दुसरा दिवस

सकाळी वावरात गेलो. गावापासून अर्ध्या तासाची पायवाट आहे, उन्हाची टोपी आणि पाणी घ्याच, दसरा जवळ आला तरी ऊन चटका देतं. चहूकडे कापूस आणि मधे मामीची ती एकटी ज्वारी, पाठीमागे थेट सातपुडा. गुरांना कडबा आणि घरच्यांना भाकरी म्हणून तिने हट्टाने ठेवलीय. लांबून छान दिसते, फोटोही काढले. जवळ गेल्यावर फोन खिशात टाकला. ज्वारी इतकी दाट आणि उंच होती की वारा तिच्यावरून जायचा, आतलं काही हलायचं नाही.

बायका चौघी होत्या, ज्वारीच्या तासांमधून, म्हणजे ओळींमधून लावलेल्या बरबटीच्या, आपल्या चवळीच्या, शेंगा तोडायला आलेल्या. तोंडाने भारी. माझ्या पॅन्टवर बोलून झालं, केसांवर बोलून झालं, नवरा काऊन नाही केला इथवर आल्या. मग ओच्याला पिशव्या बांधून आत शिरल्या आणि दिसेनाशा झाल्या. मी आणि मामी धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बाभळीखाली बसलो. थोड्या वेळाने आतून पहिली कू आली, जाड आवाजातली, आणि वेगवेगळ्या दिशांनी ओ, ओ, ओ. मामी तिथे बसून मला नावं सांगत होती, ही सुभद्रा, ही तिची सून. ऐकायला इतकं गोड वाटत होतं की मी रेकॉर्ड करून ठेवलं. आतून बायका मला म्हणाल्या तुम्हीही द्या की, तर मी दिली, आणि आत सगळ्या फिदीफिदी हसल्या. मामी म्हणाली, शहरातली कू हाये, गळ्यातूनच निंगते.

ऊन डोक्यावर आलं. कणसांवरचे पोपट गेले, वारा पडला. बायकांचं बोलणं बंद झालं. जेवायला बाहेर येण्याआधीची शेवटची कू सुभद्रेने दिली, तिघींनी ओ दिली.

आणि मग ती आली. ज्वारीच्या मधोमध, डोंगराच्या अंगाने. लांब ओढलेली, शेवटी किंचित वर जाऊन तुटलेली.

मी हा आवाज महिना-सव्वा महिना ऐकत होते. झोपेत ऐकत होते, आंघोळ करताना ऐकत होते. हजारात ओळखला असता. आवाज तरुण होता, एवढाच फरक. मामीने माझं मनगट धरलं. आत कोणी बोललं नाही, कणसं हलली नाहीत. पुन्हा कू आली. तिसऱ्यांदा आली तेव्हा तिच्यात घाबरणं होतं, घरी पलंगावर असतं तेच, आणि मला एकदम समजलं की ती काय करत होती. ती नियम पाळत होती. जागेवर उभी राहून हाक देत होती, आणि आम्ही सगळे तिला पाणी पाजत होतो.

मामी म्हणाली, "ओ देजो नोको, मंदे."

मी ओ दिली. जोरात, दोन्ही हात तोंडाशी धरून. आणि ओ देणाऱ्याने शोधायला जायचं असतं म्हणून आत शिरले.

ज्वारीत कधी गेला नसाल तर सांगते, पुऱ्या बाह्यांचा सदरा घाला. पात्यांच्या कडा करवतीसारख्या, माझे दोन्ही हात कोपरापर्यंत ओरखडले. कणसांवरची बारीक तूस, कुसळंच ती, मानेवरून आत जाते आणि आग-आग होते. मी ओ देत पुढे जात होते, कू येत होती, दरवेळी जरा जवळून. मग अगदी पुढ्यातून आली, एका दांड्याच्या पलीकडून, इतकी जवळून की श्वास ऐकू आला. मी हाताने दांडे बाजूला केले. तिथे थोडी मोकळी जागा होती, एक माणूस बसेल एवढी. दांडे मोडलेले नव्हते, कोणीतरी हलक्या हाताने बाजूला सारून ठेवावेत तसे होते. माणूस नव्हतं. मी म्हटलं, "ओ, आई. चल घरी." असं काही ठरवलं नव्हतं, आपोआप आलं तोंडातून.

त्यानंतर कू आली नाही.

मी वळले तर तास कुठला, धुरा कुठला, काही कळेना. वर पांढरं आभाळ आणि चारी बाजूंनी तेच दांडे. डोंगरसुद्धा दिसेना. खरं सांगते, मी घाबरले. आणि मीही तेच केलं जे तिथे करतात. कू दिली. कोणी ओ दिली नाही. पुन्हा दिली, जीव तोडून. बायका हाकेच्या अंतरावर होत्या, त्यांच्या बांगड्यांचा आवाज येत होता, पण एकीने ओ दिली नाही. मग माझं डोकं फिरलं. गेल्या खड्ड्यात सगळे नियम म्हणत मी एक तास पकडला आणि नाकासमोर चालत सुटले, चालत सुटले, आणि वावराच्या कडेच्या विहिरीपाशी बाहेर पडले.

मामी धावत आली. पदराने माझी पाठ, डोकं, खांदे झटकायला लागली. ज्वारीतून बाहेर आलेल्या बाईची तूस दुसरीने झटकायची, ही तिथली रीत आहे. झटकता झटकता ती थांबली.

"आत्ता दोन बारी कू आली, ते तू दिलती?"

मी म्हटलं हो, आणि तुम्ही कोणीच ओ का दिली नाही? सुभद्रा मागून म्हणाली की आवाज ओळखू आला नाही. सकाळी दिलेली कू वेगळी होती म्हणे, हसण्यावारी दिलेली, ही तशी नव्हती.

"आन तू तशीच चालत आली," मामी म्हणाली. ती विचारत नव्हती. मी खांदे उडवले. मामी नुसती माझी पाठ झटकत राहिली, तूस कधीच निघून गेली होती तरी.

विहिरीच्या कठड्यावर चढलं की फोनला रेंज येते. चढले तर सुमनताईंचे एकामागून एक फोन येऊन गेलेले. लावला. त्या कुजबुजत बोलत होत्या. आजी दुपारी अचानक गप्प झाल्यात, म्हणाल्या. डोळे उघडे आहेत, श्वास चालू आहे, पण कू नाही. घर कसंतरी वाटतंय, लवकर या.

दसऱ्याला थांबायचं, येताना आनंदसागर-बिनंदसागर बाग बघायची, सगळं राहिलं. मामीने भाकरी बांधून दिली, काळी-पिवळीवाल्याला तिनेच दटावून लगेच निघायला लावलं. नांदुऱ्याला मिळेल त्या गाडीत उभी राहून निघाले. अंगाची आग होत होती, आणि मनात एकच, मी तिला ओ दिली ती परत आणायला दिली, की सोडून द्यायला?

घरी

सकाळी दार सुमनताईंनी उघडलं. त्या आधीच रडवेल्या होत्या. म्हणाल्या, मॅडम, आधी एक सांगते, माझी नखं बघा, मी नखं वाढवत नाही. आणि मला आईच्या खोलीत घेऊन गेल्या. आईच्या दोन्ही हातांवर, कोपरापर्यंत, बारीक लांब लाल ओरखडे होते. मी बाह्या सरकवल्या आणि माझा हात तिच्या हाताशेजारी धरला. सुमनताई एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत राहिल्या आणि पाणी आणते म्हणून निघून गेल्या.

आई माझ्याकडे बघत होती. या सगळ्या दिवसांत पहिल्यांदाच ती माझ्याकडे बघत होती, माझ्या आरपार नाही. मी कडेला बसले. तिने डावा हात उचलला आणि माझ्या खांद्यावरून हळूहळू झटकायला लागली. खांदा, मग दंड, मग पाठीपर्यंत हात पुरला तेवढी पाठ. मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून मोठ्याने रडले, अगदी शेजारच्यांना ऐकू जाईल असं.

हे सगळं लिहू की नको यात दिवाळी गेली. वाचणाऱ्यांपैकी कोणी म्हणेल, उन्हाने डोकं भणाणलं, तुसेची ॲलर्जी, योगायोग. म्हणा. मी रेकॉर्डिंग पुन्हा ऐकलं, त्यात सुभद्रेची कू आहे, तिघींची ओ आहे, माझी ती हसण्यावारी दिलेली आहे. त्यापुढे मी रेकॉर्डिंग बंद केलेलं होतं. प्रवास म्हणून विचाराल तर अवश्य जा. सातपुडा सुंदर आहे, माणसं जीव लावतात, खाणं तर विचारूच नका. ज्वारी उभी असताना जा. आत एकटे जाऊ नका.

आई आता बरी आहे. कू बंद झाली ती झालीच. जेवणात मीठ कमी असलं की तोंड वाकडं करते, सुमनताईंच्या मालिका बघते, माझी पोरं वर्गात शिरताना "कूकू" ओरडली की हसते. आणि तिला एक नवा आवाज सुटलाय. दुपारी ऊन चढलं की ती "ओ" म्हणते. स्वच्छ, खणखणीत. व्यायाम करून घ्यायला येणारा मुलगा खूश आहे, म्हणतो मेंदू रस्ता शोधतोय. मीही खूश होते. मला वाटायचं मलाच देते.

परवा मामीचा फोन आला. ज्वारी कापून झाली, कडबा बांधून झाला, वावर मोकळं झालंय, धुऱ्यावरून थेट डोंगरापर्यंत दिसतं म्हणाली.  मी विचारलं, आता तरी दुपारी शांत असतं ना?

"येते व अजून," मामी म्हणाली. "पन ते इंदूबाईची नाई आता. आमी वळखली. तुही हाये."

मी हसून काहीतरी बोलले आणि फोन ठेवला.

आज दुपारी मी मुद्दाम आईच्या खोलीत जाऊन उभी राहिले, तिच्या पलंगासमोर. तोंड बंद ठेवून, काही न बोलता. ऊन खिडकीतून पलंगावर आलं होतं. आईने मान किंचित वळवली, कान दिल्यासारखी. मग तिने ओ दिली. थांबली, पुन्हा ऐकलं, पुन्हा ओ दिली. आणि चांगल्या हाताने पलंगाची कड धरून उठायला लागली. पाय खाली टेकवून तिने चप्पल शोधली. नजर माझ्या खांद्यावरून पलीकडे, दाराकडे.

मी म्हटलं, "आई, मी इथेच आहे."

तिने मला हाताने हलकेच बाजूला सारलं आणि मला शोधायला निघाली.